वजन कमी करताना आंबा: पोषणमूल्य, माप आणि आहारातील जागा

वजन कमी करायचे ठरवले की ज्या पदार्थांवर सर्वांत आधी फुली मारली जाते, त्यांत आंब्याचा क्रमांक बराच वर लागतो. आंबा गोड, गोड म्हणजे साखर आणि साखर म्हणजे वजन, असा त्यामागचा सरळसोट हिशेब असतो. दुसऱ्या टोकाला ‘फळच तर आहे, फळाने काय होणार’ असे म्हणून एका बैठकीत तीन-चार आंबे फस्त करणारेही भेटतात. एक गोष्ट मात्र या दोघांपैकी कोणीच केलेली नसते, ती म्हणजे आंब्याचे वजन. आंब्याने वजन वाढते का, याचे उत्तर तो किती खाल्ला, कोणत्या रूपात खाल्ला आणि आहारातील कोणत्या पदार्थाच्या जागी खाल्ला, या तीन गोष्टींवर ठरते. या लेखात आधी फळातील पोषक घटकांचा हिशेब मांडला आहे आणि त्यानंतर तो रोजच्या आहारात कसा बसवावा याच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

१०० ग्रॅम गरात काय असते

पिकलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅम गरातून साधारण ६० कॅलरी ऊर्जा मिळते. (आहाराच्या संदर्भात कॅलरी म्हणतो तेव्हा ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते आणि या लेखातही तोच अर्थ घ्यावा.) या गरात ८३ ग्रॅमच्या आसपास पाणी, १५ ग्रॅम कर्बोदके, ०.८ ग्रॅम प्रथिने आणि ०.४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. कर्बोदकांपैकी जवळजवळ १४ ग्रॅम साखर असते आणि तिच्यातील निम्मा वाटा सुक्रोजचा, म्हणजे आपण चहात घालतो त्याच साखरेचा असतो. उरलेल्यात फ्रुक्टोज सुमारे ४.७ ग्रॅम आणि ग्लुकोज २ ग्रॅम असते. फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांच्या प्रमाणातील हा फरक पुढे पोट फुगण्याच्या संदर्भात कामास येईल.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत आंबा निश्चितच उजवा आहे. १०० ग्रॅम गरात जीवनसत्त्व क सुमारे ३६ मिलिग्रॅम असते. वेगवेगळ्या संस्थांनी प्रौढांसाठी सुचवलेली रोजची गरज साधारण ४० ते ११० मिलिग्रॅमच्या दरम्यान येते, हे पाहता एवढ्याशा गरातून बरीच मजल मारली जाते. फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) सुमारे ४३ मायक्रोग्रॅम, पोटॅशियम १६८ मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन ६४० मायक्रोग्रॅम असते. बीटा कॅरोटीनचे शरीरात जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर होते. गर जितका गडद केशरी, तितके कॅरोटीन साधारणपणे अधिक समजावे. ते मेदात विरघळणारे असल्यामुळे त्याच्या शोषणासाठी त्याच जेवणात थोडासा स्निग्ध पदार्थ असावा लागतो, परंतु त्यासाठी आंब्यावर साय किंवा क्रीम ओतण्याची गरज नाही, कारण बाकीच्या जेवणातील तेल किंवा मूठभर बदाम एवढे त्याला पुरते.

तंतुमय पदार्थांबाबत मात्र थोडे स्पष्ट बोललेले बरे. ‘आंब्यात भरपूर फायबर असते, म्हणून वजन कमी होते’ हे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि ते सैल आहे. १०० ग्रॅम आंब्यात फायबर असते १.६ ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या सफरचंदात ते २.४ ग्रॅम, केळ्यात २.६ ग्रॅम आणि पेरूत तब्बल ५.४ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम फायबर सुचवले आहे आणि ते केवळ आंब्यातून मिळवायचे म्हटले तर दीड किलोहून अधिक गर खावा लागेल. त्यामुळे फायबरसाठी भाज्या, डाळी आणि साबूत धान्यांकडेच पाहावे.

ऊर्जेच्या बाबतीत आंबा केळ्यापेक्षा हलका आणि कलिंगडापेक्षा जड आहे. समान वजनाला केळ्यातून ८९, द्राक्षांतून ६९, पेरूतून ६८, सफरचंदातून ५२, पपईतून ४३ आणि कलिंगडातून ३० कॅलरी मिळतात. फळांच्या या रांगेत आंबा मध्यावर उभा आहे. बिस्किटे किंवा चॉकलेट यांच्याशी तुलना केली, तर चित्र आणखी स्पष्ट होते, कारण त्यांच्या १०० ग्रॅममधून ४५० ते ५५० कॅलरी मिळतात.

येथे एक खबरदारी घ्यावी. वर दिलेले आकडे सरासरी आहेत. अतिशय गोड जातींच्या पूर्ण पिकलेल्या गरात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यातील बहुतांश साखरच असते. अशा जातीचा आंबा खात असाल, तर १०० ग्रॅमला ६० ऐवजी ७५ कॅलरी धराव्यात. हिशेब चुकायचाच असेल तर तो या बाजूने चुकलेला परवडतो.

पायरी पहिली: एकदा तरी फळ काट्यावर ठेवावे

‘रोज एक आंबा’ हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण आंब्यांच्या आकारात इतका फरक असतो की त्या सल्ल्याला अर्थ उरत नाही. एक फळ १५० ग्रॅमचे असते, तर दुसरे ६०० ग्रॅमचे. म्हणून स्वयंपाकघरातील साधा वजनकाटा घ्यावा आणि आपल्याकडे नेहमी येणाऱ्या आंब्यांपैकी एक मध्यम फळ निवडून पुढील कृती करावी.

फळ धुऊन, पुसून, अख्खे काट्यावर ठेवावे आणि वजन लिहून घ्यावे. नंतर देठाकडून सुरी घालून कोयीच्या दोन्ही बाजूंचे गाल कापून काढावेत, कोयीभोवतीचा गरही सुरीने खरवडून घ्यावा, साल वेगळी करावी आणि फक्त गर वाटीत ठेवून पुन्हा वजन करावे. वाटीचे वजन आधी शून्य करून घ्यायला विसरू नये. साल आणि कोय मिळून साधारण ३० टक्के भाग वजा होतो. फळ लहान आणि कोय मोठी असेल, तर ही वजावट ४० टक्क्यांपर्यंतही जाते.

समजा अख्खे फळ ३०० ग्रॅम भरले आणि गर निघाला २१० ग्रॅम. तर त्यातून सुमारे १२६ कॅलरी, ३१ ग्रॅम कर्बोदके आणि ३.४ ग्रॅम फायबर मिळाले. फळ २५० ग्रॅमचे असेल, तर गर १७५ ग्रॅम आणि कॅलरी १०५ येतात. ही मोजणी एक-दोन वेळा नीट केली की नजर तयार होते आणि पुढे रोज काटा काढावा लागत नाही. काटा नसल्यास २४० मिलिलिटरचा मापाचा कप वापरावा. फोडींनी भरलेला असा एक कप सुमारे १६५ ग्रॅमचा आणि ९९ कॅलरींचा असतो.

कोय चोखण्याची सवय असलेल्यांनी तो गरही मोजणीत धरावा. काट्यावर न चढलेला हा हिस्सा कधीकधी तीस-चाळीस ग्रॅमचा निघतो.

पायरी दुसरी: दिवसाच्या ऊर्जेत आंब्याची जागा ठरवावी

शरीर दिवसभरात जितकी ऊर्जा खर्च करते त्यापेक्षा कमी ऊर्जा सातत्याने आत गेली, तरच वजन उतरते. या नियमातून आंब्याला सूट नाही आणि त्याच्यावर वेगळा दंडही नाही. उदाहरणादाखल एखाद्या व्यक्तीचे वजन रोज २००० कॅलरींवर स्थिर राहते आणि ती १५०० कॅलरींचा आहार घेऊ लागली आहे, असे मानू. तिने रोज ५०० कॅलरींची तूट निर्माण केली आहे. आता तिने आहाराचा तक्ता तसाच पाळला, परंतु जेवण झाल्यावर ‘वरून’ ३०० ग्रॅमचे दोन आंबे खाल्ले, तर २५० कॅलरी परत आल्या आणि तूट निम्म्यावर आली. फळ अतिशय गोड जातीचे असेल, तर हाच आकडा ३१५ होतो. वजन वाढणार नाही, पण उतरण्याचा वेग निम्म्याहून कमी होईल आणि दोष मात्र व्यायामाला किंवा ‘मंद झालेल्या चयापचया’ला दिला जाईल.

म्हणून आंबा वरून खाऊ नये, तो कशाच्या तरी जागी खावा. या लेखातून एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ती ही. १५० ग्रॅम गराच्या साधारण ९० कॅलरी होतात. त्यांच्या बदल्यात सुमारे ७० ग्रॅम शिजवलेला भात कमी करता येतो, ब्रेडचा एक मोठा काप वगळता येतो किंवा दुपारच्या चहासोबतची दोन क्रीमची बिस्किटे सोडता येतात. शक्य असेल तेथे तिसरा पर्याय निवडावा, कारण बिस्किटे किंवा मिठाई यांच्या जागी आंबा आला की साखर आणि मेद दोन्ही घटतात आणि जीवनसत्त्वे वाढतात. भाजी, डाळ, अंडी, मासे किंवा दही कमी करून आंब्याला जागा देऊ नये. तेथे आपण प्रथिने आणि फायबर देऊन साखर घेत असतो आणि हा सौदा तोट्याचा ठरतो.

बहुतेक प्रौढांना, ज्यांना अन्य आजार नाही, दिवसाला १५० ते २०० ग्रॅम गर आहारात बसवता येतो. दिवसाची ऊर्जामर्यादा १२०० कॅलरींच्या आसपास ठेवली असेल, तर १०० ते १२० ग्रॅमवर थांबावे. आंबा खाल्ला त्या दिवशी इतर गोड फळे कमी करावीत, परंतु भाज्या कमी करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याचा सल्ला दिला आहे आणि हा सर्व आकडा एकट्या आंब्याने भरून काढणे हा त्या सल्ल्याचा हेतू नाही.

पायरी तिसरी: आंबा कोणत्या रूपात खावा

वजन कमी करणाऱ्यांचे गणित बहुतेक वेळा याच पायरीवर बिघडते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत चांगले रूप म्हणजे फोडी. फोड चावावी लागते, चावण्यात वेळ जातो आणि पोट भरल्याची जाणीव होण्यास शरीराला अवधी मिळतो. तोच गर मिक्सरमधून काढून पेल्यात ओतला, तर कॅलरी तेवढ्याच राहतात, परंतु पाच-सात मिनिटांचे खाणे अर्ध्या मिनिटाच्या पिण्यात उरकते. द्रवरूपात घेतलेल्या ऊर्जेमुळे घनरूपातील ऊर्जेइतकी तृप्ती होत नाही, हे आहारशास्त्रात चांगले प्रस्थापित आहे. शिवाय फोडी करताना एक आंबा पुरेसा वाटतो, तर पेला भरण्यासाठी सहज दोन लागतात. गाळून रेषा काढून टाकल्या, तर मुळातच थोडे असलेले फायबरही घटते.

मिल्कशेकचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. २०० ग्रॅम गराच्या १२० कॅलरी, २०० मिलिलिटर सायीच्या दुधाच्या सुमारे १२५, पाच लहान चमचे म्हणजे २० ग्रॅम साखरेच्या ८० आणि वर आइस्क्रीमचा एक गोळा घातला तर त्याच्या आणखी सुमारे १३५. एकूण ४६० कॅलरी. त्यातील आंब्याचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश आहे, तरीही वजन वाढल्यावर नाव आंब्याचेच होते. शेक घ्यायचाच असेल तर १०० ग्रॅम गर आणि १५० मिलिलिटर कमी स्निग्धांशाचे दूध किंवा ताक एवढ्यावर भागवावे, साखर अजिबात घालू नये आणि तो पेला न्याहारीचा भाग म्हणून मोजावा. पिकलेल्या आंब्यात वरून साखर घालण्याची गरज का पडावी, हे खरोखर न उलगडलेले कोडे आहे.

बाटलीबंद आंबापेयांची गोष्ट वेगळी आहे. २०० मिलिलिटर आंबा नेक्टरमध्ये, म्हणजे गरात पाणी आणि साखर मिसळून केलेल्या पेयात, सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखर (वरून घातलेली, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि शक्य तर ५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. २००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे बरोबर २५ ग्रॅम होतात, म्हणजे दिवसभराचा कोटा एका पेल्यात संपला. येथे लक्षात घेण्यासारखा भाग असा की अख्ख्या फळातील साखर या ‘मुक्त साखरे’त धरली जात नाही, मात्र रस काढला की तीच साखर त्या व्याख्येत येते. डबाबंद किंवा गोठवलेला गर आणताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. यादीत फक्त आंबा असेल तर तो ताज्या गरासारखाच मोजावा. साखर, ग्लुकोज सिरप किंवा पाक यांपैकी काही दिसल्यास तो डबा मिठाईच्या खात्यात टाकावा.

वाळवलेला आंबा दिसायला निरुपद्रवी असतो. पाणी उडून गेल्यामुळे त्याचे वजन घटते, पण साखर तेथेच राहते आणि अनेकदा वरून आणखी साखर लावलेली असते. साखर लावून वाळवलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅममधून जवळजवळ ३२० कॅलरी मिळतात. बोलता बोलता तोंडात टाकलेल्या ४० ग्रॅम पट्ट्या म्हणजे ३०० ग्रॅमच्या एका अख्ख्या आंब्याइतकी ऊर्जा झाली, आणि पोट भरल्याची जाणीव मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

कैरीबद्दल दोन शब्द पुरेत. पिकताना फळातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि आम्ल कमी होते, त्यामुळे कैरीत साखर बरीच कमी असते. तिखटमीठ लावून खाताना मीठ जास्त झाले, तर शरीरात पाणी साठून दुसऱ्या दिवशी काटा थोडा वर जातो. ती चरबी नव्हे. कैरीच्या सरबतात घातलेली साखर मात्र साखरच असते.

पायरी चौथी: कशासोबत आणि केव्हा खावा

आंब्यात प्रथिने नगण्य असल्यामुळे तो एकटाच खाल्ला तर भूक लवकर परतते. मधल्या वेळचे खाणे म्हणून घ्यायचा असेल, तर १०० ते १२० ग्रॅम फोडींसोबत १५० ग्रॅम साधे दही, एक उकडलेले अंडे किंवा दहा बदाम घ्यावेत. दह्यासोबत ही वाटी साधारण १५० ते १६० कॅलरींची होते आणि तिच्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. आंबा आणि दही एकत्र केले की साखरेची आठवणही होत नाही, वर चिमूटभर वेलदोडा घातला तरी पुरे. जेवणात घ्यायचा असेल, तर कोशिंबीर, भाजी आणि प्रथिनांचा पदार्थ आधी खाऊन आंबा शेवटी, आधीच मापून ठेवलेल्या वाटीतून खावा. टोपलीजवळ बसून एकेक फळ कापत खाल्ले, तर कोणाचाही हिशेब राहत नाही.

वेळेबाबत अनावश्यक धास्ती बाळगू नये. रात्री खाल्लेल्या आंब्याची थेट चरबी होते किंवा फळ जेवणासोबत खाल्ले की ते पोटात कुजते, या समजुतींना आधार नाही. जठरातील आम्लामुळे तेथे अन्न कुजत पडत नाही. दिवसाच्या अखेरीस एकूण किती ऊर्जा आत गेली, हेच निर्णायक ठरते. रात्रीची अडचण वेगळी असते. त्या वेळी दिवसभराचा कोटा बहुधा संपलेला असतो आणि हात मात्र सैल सुटलेला असतो. ज्यांना हा अनुभव येतो त्यांनी आंबा सकाळी किंवा दुपारी खावा. व्यायाम करणाऱ्यांना व्यायामापूर्वी तासभर आधी किंवा नंतर खाल्लेला १०० ग्रॅम आंबा चांगला मानवतो, कारण त्यातील साखर स्नायूंच्या कामी येते.

रक्तशर्करा, मूत्रपिंड आणि इतर खबरदारी

आंब्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थातील कर्बोदके रक्तशर्करा किती वेगाने वाढवतात याचा निर्देशांक, अनेक चाचण्यांत ५१ च्या आसपास आढळला आहे आणि ५५ किंवा त्याहून कमी आकडा ‘कमी’ गटात धरतात. यावरून मधुमेहींना आंबा मोकळा असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. इंडेक्स हा गुण सांगतो, प्रमाण सांगत नाही, आणि प्रमाण लक्षात घेण्यासाठी ग्लायसेमिक भार, म्हणजे इंडेक्स आणि खाल्लेली कर्बोदके यांचा एकत्रित आकडा, पाहावा लागतो. १२० ग्रॅम गराचा भार सुमारे ८ येतो, जो कमी आहे, तर ३०० ग्रॅमचा भार २० च्या घरात जातो, जो जास्त मानला जातो. फळ तेच असले, तरी मात्रा वाढली की परिणाम बदलतो. कर्बोदके मोजून आहार घेणाऱ्या मधुमेहींसाठी सोपे सूत्र असे की १०० ग्रॅम गर म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदके, आणि तेवढी कर्बोदके त्याच जेवणातील धान्यातून वजा करावीत. खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरने रक्तशर्करा तपासून पाहिली, तर आपल्या शरीराला किती मात्रा झेपते हे कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमके कळते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना आहारात असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात पोटॅशियमवर मर्यादा घातलेली असल्यास ३०० ग्रॅम गरातून ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम जाते हे ध्यानात ठेवून आहारतज्ज्ञांकडून मात्रा ठरवून घ्यावी. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांनी आंब्याचे प्रमाण अचानक वाढवू नये. आंबा खाल्ल्यावर पोट फुगणे, गुरगुरणे किंवा जुलाब होणे असा त्रास काहींना होतो. या फळात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज अधिक आहे आणि हे जादा फ्रुक्टोज ज्यांच्या आतड्यांत नीट शोषले जात नाही, त्यांना ते बाधते. विशेषतः संवेदनशील आतड्यांचा विकार असलेल्यांनी ५० ग्रॅमपासून सुरुवात करून पाहावे.

आंबा ॲनाकार्डिएसी कुळातील आहे आणि काजू व पॉयझन आयव्ही (स्पर्शाने त्वचेला पुरळ आणणारी एक वेल) याच कुळात येतात. देठाजवळचा चीक आणि साल यांत त्वचेला दाह करणारे घटक असतात, त्यामुळे ओठांभोवती पुरळ किंवा खाज येणाऱ्यांनी फळ देठाकडून चांगले धुवावे आणि सोलून, कापूनच खावे. ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी.

‘चरबी जाळणारा’ आंबा

आंब्यातील मँगिफेरिन हा घटक चरबी जाळतो, असे दावे वारंवार केले जातात. मँगिफेरिन हे पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य रसायनांच्या गटातील संयुग असून ते सालीत, कोयीत आणि पानांत गरापेक्षा जास्त असते आणि त्याविषयीचा मोठा अभ्यास पेशींवर व प्राण्यांवर झालेला आहे. त्यावरून पिकल्या आंब्याने माणसाची चरबी वितळते असे म्हणता येत नाही. ‘आफ्रिकन मँगो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वजनघटीच्या कॅप्सूलबाबत तर नावातच गफलत आहे. त्यांतील अर्क इर्व्हिंजिया गॅबोनेन्सिस या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील वृक्षाच्या बियांचा असतो. आपला आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका. दोघांचे कूळही वेगळे आहे आणि त्या अर्काचा पुरावाही तोकडा आहे, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत.

काही दिवस फक्त आंबा आणि दूध घेऊन वजन उतरवण्याचे प्रकारही केले जातात. सुरुवातीला काटा खरोखर खाली येतो, कारण मीठ कमी होते आणि शरीरातील ग्लायकोजेनसोबत (स्नायू व यकृतातील कर्बोदकांच्या साठ्यासोबत) साठलेले पाणी निघून जाते. पण अशा आहारात प्रथिने, लोह आणि आवश्यक मेद अपुरे पडतात, स्नायू झिजतात आणि नेहमीचे जेवण सुरू होताच पाणी परत येते.

पायरी पाचवी: तीन-चार आठवड्यांनी तपासणी

आंबा आहारात आणल्यापासून वजनाची नोंद ठेवावी. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि रोजच्या आकड्यावर निर्णय न घेता आठवड्याची सरासरी काढावी, कारण पाण्याच्या चढउतारामुळे एका दिवसात किलोभर फरक सहज पडतो. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी खाल्लेल्या गराचे ग्रॅम आणि तो कशाच्या जागी खाल्ला हे लिहावे. हा दुसरा तपशील बहुतेक जण गाळतात आणि तपासणीच्या वेळी त्याचीच उणीव भासते.

तीन-चार आठवड्यांत साप्ताहिक सरासरी अपेक्षेप्रमाणे, म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो या वेगाने उतरत असेल, तर काहीही बदलू नये. सरासरी जागची हलली नसेल, तर आंबा एकदम बंद करण्यापूर्वी नोंदी या क्रमाने तपासाव्यात. ‘कशाच्या जागी’ हा रकाना रिकामा राहिलेले दिवस किती, हे आधी पाहावे. नंतर रस, शेक किंवा वाळवलेल्या पट्ट्या किती वेळा आल्या, ते पाहावे. त्यानंतर जात बदलली का, फळ मोठे यायला लागले का, हे पाहून गराचे वजन नव्याने करावे. येथपर्यंत सर्व ठीक निघाले, तर तेल, चहातील साखर आणि बाहेरचे खाणे यांची मोजणी करावी, कारण दोन मोठे चमचे तेलाच्या सुमारे २४० कॅलरी होतात आणि त्या दोन मध्यम आंब्यांच्या जवळपास भरतात. हे सारे तपासूनही काटा हलत नसेल, तर गर रोजच्या १५० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आणावा किंवा आंबा एक दिवसाआड खावा आणि पुढील दोन आठवड्यांची सरासरी पुन्हा पाहावी.